गुलमोहराकडचं पाणी

सॉल्ट लेक, कोलकाता
१२ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही आणि मला तुमच्या कानातल्या यंत्राची शिट्टी तेवढी ऐकू येते, म्हणून पत्रच बरं. उन्मेषदादा म्हणाला की मिरजेला आल्यापासून तुमचा खोकला कमी आहे. मामी गेल्यावर तुम्ही कोलकाता सोडलंत त्याला पाच वर्षं झाली, तरी इथे अजून लोक मला 'परचुरेबाबूंची भाची' म्हणूनच ओळखतात.

त्याचाच परिणाम आता मी भोगते आहे. आपल्या सोसायटीच्या, शेफाली आवासनच्या कमिटीत यंदा मला घेतलं आणि पोहण्याच्या तलावाचं काम माझ्या गळ्यात मारलं. का, तर तुम्ही अकरा वर्षं सेक्रेटरी होतात, म्हणजे मला ते रक्तातूनच येत असणार. मी शाळेत इतिहास शिकवते, मामा. पंपाच्या खोलीत काल पहिल्यांदा गेले. एक निळी टाकी, तिच्या डोक्यावर फिरवायचा दांडा, घड्याळासारखा एक काटा आणि सगळीकडे पाइप. ऑपरेटरला विचारलं, हे काय करतं? तो म्हणाला, "चलता है मॅडम."

तलाव थंडीसाठी बंद केला आहे. मार्चच्या आत सगळ्या टाइल्स काढून नव्या बसवायच्या आहेत. त्याआधी हे सगळं कसं चालतं ते मला नीट समजावून लिहाल का? आणखी एक. गुलमोहराखालचा खोल कोपरा दरवर्षी जूनपासून गढूळ होतो, भिंत शेवाळते. बाकीचा तलाव स्वच्छ आणि तेवढाच कोपरा तसा, असं का?

जान्हवी अठरा वर्षांची झाली, पण तलावाकडे फिरकत नाही. तलाव सांभाळणाऱ्या त्या सुबलने जे केलं त्यानंतर ती पाण्यात उतरलीच नाही. तिला दहाव्या वर्षी राज्याच्या निवडचाचणीला बसायचं होतं, हे आता तिला स्वतःलाही आठवतं की नाही कोण जाणे. म्हणून मला हे काम नीट करायचं आहे. तसला माणूस पुन्हा नको.

अरुणचा नमस्कार.

तुमची
देवयानी

•

मिरज
२१ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. देवयानीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. उन्मेष म्हणाला, बाबा, इतकं काय आहे त्यात? त्याला काय सांगू. पाच वर्षांत मला कुणी पंपाबद्दल काही विचारलं नव्हतं.

पाणी कुठून निघतं आणि कुठे परत येतं एवढं आधी पक्कं कर. काठाला पाण्याच्या पातळीवर चौकोनी तोंडं आहेत, ती वरचं पाणी ओढतात. पानं, केस, तेलकट थर, सगळं वरच तरंगत असतं. तळाला दोन जाळ्या आहेत, त्या खालचं पाणी ओढतात. जाळ्या दोन का, तर एकीवर कुणाचा पाय किंवा केस बसले तरी ओढ दुसरीकडे जावी. दोन्हींचे स्क्रू माणूस उतरवून तपासून घे. एक जरी सैल असला तरी तलाव उघडू देऊ नकोस.

हे सगळं पाणी पंपाकडे येतं. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक झाकणाचं भांडं आहे, आत जाळीची टोपली. ती रोज सकाळी पंप बंद करून रिकामी करायची. झाकणाखालच्या रबरी रिंगला सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. लोक व्हॅसलिन फासतात, त्याने रबर फुगतं. रिंग खराब झाली की पंप हवा ओढतो आणि खोकल्यासारखा आवाज करतो. तो आवाज मला तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ओळखू यायचा. आता पंप उशाशी ठेवला तरी कळणार नाही.

पंप पाणी निळ्या टाकीत ढकलतो. टाकीत वाळू आहे. पाणी वरून शिरतं, वाळूतून झिरपत खाली येतं, घाण वाळूत अडकते. तो काटा टाकीतला दाब दाखवतो. वाळू धुतल्यावर काटा जिथे असेल तिथे रंगाची खूण कर. खुणेपासून अर्धा किलो वर चढला की वाळू भरली असं समज. मग दांडा बॅकवॉशवर फिरवून पाणी उलटं सोडायचं, म्हणजे घाण उचलून गटारात जाते. शेजारच्या काचेत पाणी स्वच्छ दिसलं की अर्धा मिनिट रिन्स, मग दांडा पुन्हा जागेवर. दांडा फिरवण्याआधी पंप बंद, हे त्या 'चलता है'वाल्याकडून पाठ करून घे. वाळू २०१६ची आहे, या खेपेला बदलूनच टाक.

टाकीतून निघालेल्या पाण्यात क्लोरीन मिसळतं आणि लांबीच्या दोन भिंतींतल्या आठ तोंडांतून ते तलावात परत येतं. त्यांना इनलेट म्हणतात. प्रत्येकात एक फिरती गोटी असते. गोट्या किंचित खाली आणि सगळ्या एकाच दिशेला वळवलेल्या हव्यात, म्हणजे तलावभर पाणी सावकाश गोल फिरत राहतं. सहा तासांत सगळं पाणी एकदा वाळूतून जाऊन यायला हवं.

गुलमोहराखालच्या कोपऱ्याचं फार मनावर घेऊ नकोस. झाडाची पानं पडतात. क्लोरीन थोडं वाढव म्हणजे झालं.

जान्हवीला आशीर्वाद. तिचे कान आता ठीक आहेत ना?

मामा

•

सॉल्ट लेक
१५ डिसेंबर २०२४

ती. मामांना सा. नमस्कार.

तुमचं पत्र मी पंपाच्या खोलीत भिंतीला चिकटवलं आहे, कुणाला वाचता येत नसलं तरी. आता ऑपरेटर मला घाबरतो.

पण आज वेगळंच लिहायचं आहे. गेल्या मंगळवारी टाइल्सचा मिस्त्री तन्मय मला बोलवायला आला. गुलमोहराकडच्या भिंतीतल्या एका इनलेटची गोटी त्याने काढली, तर मागे पाइपात रबरी बूच आणि त्याच्यापुढे सिमेंटचा गोळा. तो म्हणाला, टाइल्स बसवताना पाइपात सिमेंट जाऊ नये म्हणून अशी बुचं घालतात आणि काम झालं की काढतात. हे कुणी काढलंच नाही. बाहेरून गोटी दिसते, सगळं शाबूत वाटतं, पण त्यातून पाणी कधी आलंच नसणार. म्हणजे २०१६च्या दुरुस्तीपासून. तन्मय म्हणाला, शेजारच्या दोन पाइपांतही सिमेंटचे जुने ओरखडे आहेत, पण ते मोकळे आहेत.

मी तिथेच कोरड्या तलावात पायरीवर बसले.

तुम्हाला तो रविवार आठवतो? मी जान्हवीला तीन दिवसांनी हॉस्पिटलमधून घरी आणलं होतं. दोन्ही कानांतून पू येत होता आणि ती झोपेतही कण्हत होती. फाटकातून आत आले तर सुबल गुलमोहराखाली काठावर बसलेला, हातात अळत्याची बाटली, आणि कोपऱ्यातलं पाणी लाल. मी काय काय बोलले ते इथल्या सगळ्यांनी ऐकलं. माझी पोर तिकडे तडफडते आहे आणि तू पाण्यात रंग खेळतोस. तो नुसता पाण्याकडे बोट दाखवून म्हणत होता, "दीदी, जल नडछे ना. पाणी हलत नाही." मी ऐकून घेतलं नाही. आवाज ऐकून तुम्ही आलात, मला धरून घरी आणलंत. दुसऱ्या दिवशी त्याला काढलं.

तो रंग खेळत नव्हता, मामा. पाणी येतं की नाही ते दाखवत होता. तीन ठिकाणी ते येत नव्हतं. तिथे क्लोरीन पोचत नव्हतं, आणि जान्हवी रोज तिथेच सराव करायची, कारण तिथे गर्दी नसे.

त्या कंत्राटदाराने तुम्हाला केवढं फसवलं. तुम्हाला हे वाचून किती वाईट वाटेल याची मला कल्पना आहे. सुबलचा पत्ता तुमच्याकडे आहे का? मला त्याला भेटायचं आहे.

देवयानी

•

मिरज
२६ डिसेंबर २०२४

चि. सौ. देवयानीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. कंत्राटदाराचं काम तसंच होतं. बूच काढून घेतलंस हे चांगलं झालं. पाइपातून जोराने पाणी सोडून उरलेलं सिमेंट काढायला सांग, नाहीतर नव्या गोटीत अडकेल.

सुबलचा पत्ता नाही. आठ वर्षं झाली. तो त्याच्या मार्गाला लागला असेल, जुनं उकरून त्याला तरी काय मिळणार? तू त्या वेळी आई म्हणून बोललीस, त्यात तुझं चुकलं नाही. शोधाशोध करू नकोस.

थंडीने कान फार दुखतात. जास्त लिहीत नाही.

मामा

•

सॉल्ट लेक
९ जानेवारी २०२५

ती. मामा,

पंपाच्या खोलीतल्या कपाटात देखभालीची जुनी वही मिळाली. रोजचं प्रेशर, बॅकवॉशची वेळ, क्लोरीन, सगळं तुमच्या सुबक अक्षरात, इंग्रजीत. ती मी जुन्या कागदांसारखी पहिल्यापासून वाचत गेले. १८ नोव्हेंबर २०१६ला एक ओळ मराठीत आहे. सगळ्या वहीत तेवढीच एक ओळ मराठीत.

"गुलमोहराकडील २ व ३ मोकळे केले. १ निघाला नाही."

शेफाली आवासनमध्ये ती ओळ वाचू शकेल असं तुमच्यानंतर फक्त आमचं घर आहे. सुबलला काढून तेव्हा चार महिने झाले होते.

मामा, तुम्हाला माहीत होतं?

देवयानी

•

मिरज
२७ जानेवारी २०२५

चि. देवयानी,

हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलं आहे. आधीची तीन कारणं सांगणारी होती, म्हणून फाडली.

हो, मला माहीत होतं.

त्या वर्षी पोयला बैशाखला तलाव उघडायचा असं मी सर्वांना सांगून बसलो होतो. बंगाली वर्षाचा पहिला दिवस, पत्रिका छापलेल्या, माझ्या सत्काराचंही ठरलेलं. कंत्राटदाराने काम संपल्याचा कागद आदल्या संध्याकाळी आणला. पंप चालू करून आठही इनलेटांसमोर हात धरून बघायला दहा मिनिटं लागली असती. मी बघितलं नाही. सर्व तपासले, असं लिहून सही केली.

मे महिन्यातच सुबल सांगायला लागला की काटा चढा असतो. बॅकवॉश केल्यावरही उतरत नाही, साहेब, पाणी कुठेतरी अडतं आहे. मी म्हटलं, तू वाळू नीट धूत नाहीस. नवा काटा आणला, तोही तेच दाखवत राहिला.

त्या रविवारी मी तुझा आवाज ऐकून आलो नव्हतो. तू येण्याआधी अर्धा तास मी तिथेच होतो. त्यानेच बोलावलं होतं. बायकोची अळत्याची बाटली घेऊन आला होता. एकेका इनलेटपुढे थोडा थोडा अळता सोडत गेला. पाच ठिकाणी रंग फर्रकन निघून गेला. गुलमोहराकडे तिन्ही ठिकाणी तो पाण्यात दोऱ्यासारखा लोंबत राहिला. तो माझ्याकडे बघत राहिला. मला त्याच क्षणी सगळं समजलं, सही, काटा, जान्हवीचे कान, सगळं. मी पंप बंद करायला खोलीत गेलो. बाहेर आलो तेव्हा तू ओरडत होतीस.

एक वाक्य बोलायचं होतं. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून तुला घरी नेलं.

तू मला विचारलं असतंस की मामा, माझ्या पोरीचं हे तुमच्यामुळे झालं? तुझी आई गेल्यापासून तुला माझ्याखेरीज माहेर नव्हतं. ते घर तू बंद करशील ही भीती वाटली. दुसऱ्या दिवशी त्याच्या कागदावर 'तलावाच्या पाण्यात रंग मिसळला' असं कारण मी माझ्या हाताने लिहिलं. शब्द खोटा नव्हता, असं स्वतःला बरेच दिवस सांगत होतो.

त्याचा बाप हरिपद आपल्याकडे माळी होता, तुला आठवत असेल. त्यानेच पोराला माझ्याकडे आणलं होतं. "बाबू, तुमच्या हाती देतो," म्हणाला होता. पोराला काढल्यावर त्यानेही काम सोडलं. मी थांब म्हटलं नाही.

थंडीत तलाव रिकामा झाल्यावर बाहेरचा प्लंबर आणून दुपारच्या वेळी ती बुचं काढून घेतली. दोन निघाली. केलेलं काम वहीत लिहायचं ही सवय, तीही सोडवेना. म्हणून मराठीत लिहिलं.

जान्हवीला सांगायचं की नाही ते तू ठरव. सुबल सापडला तर मला कळव. एवढं मागायचा हक्क मला आहे का, माहीत नाही.

श्यामसुंदर

•

सॉल्ट लेक
२४ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

महिनाभर उत्तर लिहिलं नाही. रोज शाळेतून येताना बसमध्ये मनातल्या मनात लिहायची आणि घरी आल्यावर पेन उचलवत नसे.

जान्हवीला सांगितलं. तिची बाजू तिच्याच शब्दांत देते, मोडक्या मराठीत बोलली ती. "आजोबा मला तेव्हा सांगितले असते, तर मी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नसती. मग बोलली असती." त्यानंतर ती तिच्या खोलीत गेली. पोहण्याबद्दल काही म्हणाली नाही. सुबलकाकूंना शोध, एवढं म्हणाली. लहानपणी ती त्याला काकू म्हणायची आणि तुम्ही हसायचात, की बंगाल्यांनी काकाची काकू केली.

तो फार लांब गेलेलाच नव्हता. बाजारातला एक मासेवाला त्याचा मेहुणा निघाला. बानतलाच्या बाजूला शहराचं सांडपाणी सोडून मासे वाढवतात ती मोठाली तळी आहेत ना, त्यांतल्या एका भेडीवर सुबल पाण्याची दारं उघडतो आणि बंद करतो. आपल्या फाटकापासून रिक्षा आणि बस मिळून तासाचं अंतर. आठ वर्षं मी त्याच रस्त्याने शाळेच्या सहली नेल्या.

आम्ही दोघी गेलो. केस पांढरे झाले आहेत त्याचे, बाकी तसाच. जान्हवीला त्याने ओळखलं नाही. मग नाव सांगितल्यावर तिच्या कानांकडे बघितलं आणि विचारलं, "शुनते पाओ तो? ऐकू येतं ना?" जान्हवी हो म्हणाली आणि रडायला लागली. मी माफी मागितली. तो म्हणाला, "दीदी, तुम्हाला माहीत नव्हतं." चहा मागवला.

कामाचं विचारलं तेव्हा हळूहळू सांगितलं. तुमच्या हातचा तो कागद घेऊन तो चार क्लबांत गेला. आधी कुठे होतास म्हणून विचारत, कागद बघत आणि नंतर कळवतो म्हणत. पाण्यात रंग टाकणाऱ्याच्या हाती मुलांचा तलाव कोण देईल? दीड वर्षाने त्याने विचारणं सोडलं.

तुम्ही मला लिहिलंत ते मी त्याला सांगितलं. त्याने उठून एका दाराची फळी खाली केली. परत येऊन बसला आणि म्हणाला, साहेबांची तब्येत कशी आहे?

मी तुमच्यावर रागावले आहे की काय ते मला अजून कळलेलं नाही. पत्राची वाट पाहायची सवय मात्र सुटत नाही.

देवयानी

•

मिरज
४ मार्च २०२५

चि. देवयानी,

मी येतो आहे. वीस तारखेचं पुण्याहून हावड्याचं तिकीट काढलं. उन्मेष नको म्हणतो, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कुठे एकटे जाता, स्टेशनवर घोषणासुद्धा ऐकू येत नाहीत. मी त्याला सगळं सांगितलं. तो पुण्यापर्यंत सोडायला येणार आहे, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत नव्हता.

सोबत कमिटीच्या नावाने इंग्रजी पत्र आहे. सभेत वाचून दाखव. काही गाळू नकोस. दुसरा कागद सुबलसाठी आहे, तो मीच देईन. त्यात लिहिलं आहे की त्याने पाणी तपासण्यासाठी रंग वापरला, दोष त्यानेच शोधला आणि तो दाबला मी.

तुझ्या घरी उतरू की अतिथीगृहात, ते कळव. संकोच करू नकोस.

मामा

•

मिरज
८ एप्रिल २०२५

चि. सौ. देवयानीस आशीर्वाद.

नीट पोचलो. तू डब्यात दिलेल्या पोळ्या नागपूरपर्यंत पुरल्या. मला तुझ्याच घरी ठेवून घेतलंस, जान्हवीने दोन दिवस न बोलता तिसऱ्या दिवशी चहा आणून दिला, याबद्दल काय लिहू.

सभेत माझं पत्र वाचताना तुझा आवाज मला ऐकू येत नव्हता, पण तोंडं दिसत होती. अर्ध्या लोकांना तो सुबल कोण तेच आठवत नव्हतं. अध्यक्ष माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की वयामुळे मन हळवं होतं. त्यांनी सुबलवरची नोंद मागे घेतली हे खरं, पण मला वाटलं होतं, कुणीतरी मला बोलेल. कुणी बोललं नाही.

आता मुख्य गोष्ट. भेडीवर मी सुबलला कागद दिला, हात जोडले. त्याने तो उभ्याने पूर्ण वाचला, घडी केली, खिशात ठेवला. मग तो बोलला. वारा होता, माझ्या यंत्रात नुसता वाराच घुमत होता, आणि तो पहिल्यापासून हळू बोलणारा. पण तो तीन-चार मिनिटं बोलत होता, देवयानी. मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. दोनदा 'बाबा' म्हणाला, तेवढं कळलं. मी विचारलं तेव्हा तू माझ्या वहीत लिहिलंस, 'झालं गेलं विसरा म्हणतो.' तीन-चार मिनिटं बोलायला एवढंच होतं? आणि तू परतताना गाडीत सारखी खिडकीबाहेर बघत होतीस.

मी एकदा तुझ्यापासून लपवलं. त्याने काय झालं ते आपण दोघं बघतो आहोत. तो काय म्हणाला ते जसंच्या तसं लिही.

मामा

•

सॉल्ट लेक
१७ एप्रिल २०२५

ती. मामांना सा. नमस्कार.

परवा, पोयला बैशाखला, तलाव उघडला. पंप सुरू झाल्यावर मी आठही ठिकाणी हात धरून बघितला. सगळीकडे पाणी येतं. तुमच्या सांगण्याप्रमाणे गोट्या एका दिशेला केल्या आहेत. जान्हवी काठावर पाय सोडून बसली होती. ती उतरली नाही, मीही म्हटलं नाही. सुबलला कमिटीने परत बोलावलं होतं. त्याने निरोप पाठवला की भेडीच्या मालकाने वाईट दिवसांत काम दिलं, त्याला सोडणार नाही.

तुम्ही मागितलंत म्हणून लिहिते. हे तुम्हाला सांगू नका, असं त्यानेच मला सांगितलं होतं.

त्या दिवशी त्याने आधी विचारलं, साहेबांना ऐकू येतं का. मी म्हटलं, वाऱ्यात येत नाही. तेव्हाच तो बोलायला लागला. म्हणाला, "तुमच्यावर, बाकीच्यांवर मी कधी रागावलो नाही. तुम्हाला कळलं नव्हतं. साहेबांना कळलं होतं. अळता लोंबत राहिला तेव्हा मी त्यांचा चेहरा बघितला. मला वाटलं, आता माझे साहेब बोलतील. ते खोलीतून बाहेर येईपर्यंत मी तुमच्या शिव्या खात निवांत उभा होतो, कारण साहेबांना माहीत आहे."

मग म्हणाला, "नोकरी गेली त्याचं काही नाही. मी घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं, पाइप, काटा, अळता. बाबांनी कागद मागितला. त्यांना वाचता येत नव्हतं, शेजाऱ्याकडून वाचून घेतला. सही कुणाची विचारलं. परचुरेबाबूंची म्हटल्यावर म्हणाले, बाबू खोटं लिहिणार नाहीत, तूच काहीतरी केलं असशील. वीस वर्षं त्यांनी तुमच्या आवासनात झाडं लावली, साहेबांना ते देवासारखं मानायचे. आमचं बोलणं बंद झालं. एका घरात राहायचो, पण माझ्या हातचं पाणी घेत नसत. चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हाही मला जवळ बोलावलं नाही."

मी म्हटलं, आई आहे ना? हा कागद मी आईला बंगालीत वाचून दाखवते, गावात चार लोकांना दाखवते. तो म्हणाला, "आईने ते कधी मानलंच नव्हतं. ज्यांनी मानलं, ते गेले."

त्यानंतर तुमच्याकडे बघून म्हणाला, हे त्यांना सांगू नका, एवढा लांबचा प्रवास करून आले आहेत, परत एकट्याने जायचं आहे. आणि तुमची पिशवी त्याने स्वतः उचलून गाडीपर्यंत आणली. ते तुम्ही बघितलंत.

मामा, मी चार मिनिटं तिथे उभी होते आणि त्याचं तुमच्यासाठी असलेलं बोलणं ऐकत होते. माझ्यासाठी त्याच्याकडे रागसुद्धा नव्हता. घरी आल्यावर वाटलं, तो तुम्हाला ऐकू आला असता तर बरं झालं असतं, त्याच्यासाठी. म्हणून जसंच्या तसं लिहिलं आहे.

उत्तर लगेच नाही लिहिलंत तरी चालेल. पण लिहा.

तुमची
देवयानी